काकूंच्या काळजातली वहिवाट

कॅथलॅबमध्ये तुमचं काम काय, असं कोणी विचारलं की मी सांगते, "गप्पा मारते." विचारणाऱ्याला वाटतं, बाई थट्टा करतेय. पण खरंच तसं आहे. सलाईन लावणं, औषधं भरून ठेवणं, रक्तदाबावर डोळा ठेवणं ही कामं मी करतेच. ती कुठलीही शिकलेली सिस्टर करील. पण हृदयाच्या या कामात माणसाला सहसा पूर्ण भूल देत नाहीत. मनगटात किंवा जांघेत तेवढीच जागा बधिर करतात, तिथून एक बारीक नळी रक्तवाहिनीत घालतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत ती थेट हृदयापर्यंत नेतात. माणूस टक्क जागा असतो. खोली थंडगार, अंगावर हिरवी चादर, छातीवर घिरट्या घालणारा कॅमेरा, आणि आपल्या काळजात कोणीतरी तार सारतंय ही जाणीव. अशा वेळी उशाशी उभं राहून त्याला आंब्याच्या, सुनेच्या, गावच्या भानगडींच्या गोष्टींत गुंतवून ठेवायला जे लागतं ते नर्सिंगच्या पुस्तकात नाही. ते आम्हा रत्नागिरीच्या बायकांना जन्मतःच असतं.

एक्स-रेपासून बचाव म्हणून आम्हाला अंगात शिशाचा झगा घालावा लागतो. तो झगा उचलायचा तर आंब्याची भरलेली पेटी उचलल्यासारखं वाटतं, आणि आम्ही तो दिवसभर घालून वावरतो. आधी मुंबईत आणि आता इथे रत्नागिरीत, इतकी वर्षं तो वागवून माझी कंबर कामातून गेली आहे. जीभ मात्र शाबूत आहे.

टेबलावर येणारी माणसंही एकेक नग. मिरकरवाड्याचा एक तांडेल आला होता, म्हणजे मासेमारीच्या बोटीचा म्होरक्या. त्याची अँजिओग्राफी चालली असताना त्याने मान वळवून पडदा बघायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात हुकूम सोडायला लागला. "डावीकडं घ्या डॉक्टर. आता सरळ. अवो, जरा सबुरीनं!" आमचे डॉक्टर देशमुख सोलापूरकडचे, तोंडाने तिखट. ते म्हणाले, "तांडेल, ही बोट माझी आहे." तांडेल शांतपणे म्हणाला, "बोट तुमची. पण दर्या माझा हाय ना?" पुढचं सगळं काम डॉक्टरांनी तांडेलला विचारल्यासारखं करत केलं, आणि तांडेलचा रक्तदाबही एवढासा हलला नाही.

या कामात एकच खंत असते. माणसं काळीज उघडं करून आपल्यासमोर निजतात, घरातलं सगळं सांगून टाकतात आणि दोन दिवसांत रिक्षात बसून निघून जातात. पुढे काय झालं ते कळत नाही. सून नांदायला आली का, मुलगा दारू सोडून बोटीवर गेला का, काही नाही. आम्हाला लोकांच्या अर्ध्याच गोष्टी ठाऊक असतात. येत्या वर्षी मी निवृत्त होईन तेव्हा माझ्याकडे अर्ध्या गोष्टींची रास पडलेली असेल. त्यातली एक मात्र मला पुरी कळली आहे, म्हणून तीच सांगते.

वत्सलाकाकू आल्या त्या रिक्षातून उतरतानाच भांडत. साठी ओलांडलेली ठसठशीत बाई, पण चार पावलं चालली की धाप. सोबत त्यांची धाकटी जाऊ, नलूताई. दोघींचे नवरे सख्खे भाऊ; दोघेही आता हयात नाहीत. दोघींची मुलं मुंबईला. समुद्राकाठच्या गावात मागेपुढे दोन घरं, पुढच्यात थोरली, मागच्यात धाकटी.

डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मलाही ऐकायला दिला. हृदयाच्या ठोक्यांच्या मागे घूंऽऽ असा न थांबणारा आवाज. मग इको झाला, सीटी झालं, आणि कळलं की काकूंना कोरोनरी फिस्च्युला आहे. माझ्या अख्ख्या नोकरीत असे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले आहेत.

हे प्रकरण सोपं करून सांगते. हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही जेवावं लागतंच. त्यासाठी त्याच्या अंगावरून त्याच्या स्वतःच्या धमन्या गेलेल्या असतात. काकूंच्या एका धमनीला जन्मापासूनच एक जास्तीची वाट फुटलेली होती आणि ती वाट जाऊन उघडत होती थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात. म्हणजे जे रक्त हृदयाच्या स्नायूला मिळायचं, ते परस्पर कप्प्यात पडत होतं. वयाबरोबर वाट रुंद होत गेली आणि स्नायू उपाशी राहायला लागला.

डॉक्टरांनी हे शास्त्रशुद्ध सांगितलं. काकू ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे असं म्हणा की, विहिरीवरचा पंप चालू आहे, पाटाने पाणी पोफळींना सोडलंय, पण पाट फुटून पाणी परत विहिरीतच जातंय. पंप दमला, पोफळी सुकल्या."

डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच."

"मग बुजवा की भोक. त्यात काय?"

"तेच करायचंय. नळीतून एक बूच नेऊन ती वाट बंद करायची. छाती उघडायला नको."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण डॉक्टर सहज बोलून गेले, "जन्मापासूनची वाट आहे, पण बंद करता येते." काकू ताठ बसल्या. "काय म्हणालात? जन्मापासूनची? म्हणजे साठ वर्षं वापरातली? आणि तरी बंद करता येते?"

"हो. न करून कसं चालेल?"

काकूंनी विजयी मुद्रेने जावेकडे पाहिलं. "ऐकलंस ना गो? डॉक्टर सांगतायत. वापरातली वाट असली म्हणून काय झालं? बंद करता येते!"

नलूताईंचा चेहरा पडला. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. देशावरच्या माणसाला हे कळणं कठीण. त्यांच्याकडे भांडण शेताच्या बांधावरून. आमच्याकडे वाटेवरून. कोकणात कुणाच्या ना कुणाच्या परड्यातून, म्हणजे घराभोवतीच्या जागेतून, कुणाची ना कुणाची वाट गेलेली असते, आणि वर्षानुवर्षं चालत आलेल्या त्या हक्काला वहिवाट म्हणतात. या वहिवाटीवर रत्नागिरीच्या कोर्टाच्या आवारातल्या चहावाल्यांच्या पिढ्या जगल्या आहेत.

दोन जावांची केस अशी. रस्त्यावरून आत शिरलं की वत्सलाकाकूंचं परडं. त्यातून वाट जाते नलूताईंच्या दारात, आणि तिथून पुढे सुरूच्या बनातून समुद्रावर. पूर्वी त्या वाटेने घरची चार माणसं आणि दोन म्हशी जायच्या. पण मध्यंतरी कसं कोण जाणे, ती वाट मोबाइलमधल्या नकाशात दिसायला लागली. समुद्रावर जायचा जवळचा रस्ता! झालं, पर्यटकांची रीघ लागली. काकूंच्या तुळशीपाशी फोटो काढायचे, सुकत घातलेली आमसुलं उचलून तोंडात टाकायचे, न्हाणीघराला शौचालय समजून दार ठोठावायचे. त्यात नलूताईंनी आपल्या दारात कोकम सरबताचं टेबल मांडलं. काकूंनी दावा घातला. निकाल त्यांच्या बाजूने लागला, नलूताई अपिलात गेल्या. पण नलूताईंना मनाई हुकूम काही मिळाला नव्हता, म्हणून काकूंनी आपल्या फाटकाशी गडगा घालायला चिरेसुद्धा उतरवून घेतले होते. आमच्याकडे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं जे कुंपण घालतात तो गडगा. ते चिरे मोजत फिरतानाच काकूंना धाप लागून त्या मटकन खाली बसल्या, आणि मागच्या घरातून धावत येऊन त्यांना रिक्षात घातलं ते नलूताईंनी.

संमतिपत्रावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. मुलगा मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघणार होता, पण फॉर्म आत्ता हवा होता. मी विचारलं, "या तुमच्या कोण लिहू?"

काकू म्हणाल्या, "खरं काय ते लिही. प्रतिवादी."

"काकू, असं नातं फॉर्ममध्ये चालत नाही."

"कोर्टात चालतं, मग इथे का नाही?"

मी 'जाऊ' असं लिहिलं. नलूताईंनी सही केली आणि डब्यातून आणलेला भात आणि बांगड्याचं कालवण काकूंपुढे ठेवलं. काकूंनी एक घास घेतला. "तिरफळं जास्त झालीत. रोज सांगते, हिला फरक पडत नाही." आणि डबा चाटून पुसून परत केला.

बाहेरच्या बाकावर नलूताई माझ्याजवळ रडल्या. "सिस्टर, वैनी बरी होऊन घरी आली की पहिला तो गडगा घालणार. मला मग पऱ्यातून वळसा. पावसाळ्यात पऱ्या दुथडी वाहायला लागला की तोही बंद, घरात कोंडून बसायचं. आणि मीच तिला बरी व्हायला घेऊन आल्ये. माझ्यासारखी खुळी कोण असेल?"

मी म्हटलं, "मग आणलंत कशाला?"

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि रागाने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे काय? मरू देऊ?"

कामाच्या दिवशी काकूंना टेबलावर घेतलं. जांघेत सुई टोचणार म्हटल्यावर त्यांनी हरकत नोंदवली. "दुखणं काळजात आणि भोक तिथं?"

मी म्हटलं, "काकू, कोल्हापूरला जायचं तर आधी आंबा घाट चढावा लागतो ना? तसं."

हे त्यांना पटलं. नळी आत गेली, रंगाचं औषध सोडलं आणि पडद्यावर ती धमनी दिसली. नेहमी या धमन्या वेलीच्या ताण्यासारख्या बारीक असतात. ही चांगली फुगून पिळाच्या दोरासारखी झाली होती, आणि शेवटी कप्प्यात भसाभस ओतत होती. डॉक्टर हळूच म्हणाले, "बापरे." काकूंचे कान तिखट. "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, तुमचा पाट बघून थक्क झाले."

आता या कामातली मुख्य गोष्ट. वाट सापडली म्हणून लगेच बूच मारत नाहीत. आधी नळीच्या टोकाला असलेला एवढासा फुगा त्या वाटेत फुगवतात आणि काही मिनिटं वाट तात्पुरती अडवून बघतात. का? तर त्या चोरवाटेवरूनच एखादी बारीक फांदी निघून हृदयाचा एखादा तुकडा जगवत असू शकते. कायमचं बूच मारलं आणि तो तुकडा उपाशी पडला तर बाईला टेबलावरच हार्ट अटॅक.

डॉक्टरांनी वाटेच्या तोंडाशीच फुगा फुगवला. भसाभस ओतणं थांबलं. स्टेथोस्कोप लावला तर छातीतला तो घूंऽऽ आवाजही थांबलेला. मी काकूंना सांगितलं, "काकू, वाट अडवली बरं का. आता बघू काय होतं."

"उत्तम झालं," काकू म्हणाल्या. "नलूला बाहेर जाऊन सांग, वाट अडवली म्हणून." आणि गडगा किती उंचीचा घालायचा ते मला सांगायला लागल्या. छातीइतका, वर काचा लावून. सांगता सांगता मध्येच थांबल्या.

गप्पा मारणाऱ्या बाईला बोलण्यातला खंड आधी कळतो, यंत्राला नंतर. मी वाकून विचारलं, "काकू?"

"इथं आवळून आल्यागत होतंय गो." कपाळावर घाम. तोवर पडद्यावरची ईसीजीची रेघ बदलायला लागली, यंत्राने पीं पीं सुरू केलं. मी ओरडले. डॉक्टरांनी तत्क्षणी फुगा रिकामा केला. काकूंनी माझं बोट धरलं होतं ते इतकं घट्ट की ते मला दोन दिवस दुखत होतं. बाहेरच्या बाकावर नलूताई बसल्या होत्या एवढंच माझ्या मनात येत राहिलं.

रेघ हळूहळू पूर्ववत झाली. काकूंनी डोळे उघडले.

डॉक्टरांनी कॅमेरा फिरवून पुन्हा पुन्हा औषध सोडलं, आणि मग सापडली. त्या रुंद वाटेच्या सुरुवातीलाच एक केसासारखी बारीक फांदी निघालेली. त्यांनी बोट ठेवून मला दाखवली. "सिस्टर, ही बघा. तोंडाशी बंद केलं तर हिचं पाणी तुटतं. हिच्यावर कोणीतरी जगतंय. आपण हिच्या पुढे जाऊन बंद करू."

काकू म्हणाल्या, "कोण राहतं तिथं?"

मी म्हटलं, "तुमच्याच काळजाचा तुकडा राहतो, काकू. त्याची जाण्यायेण्याची वाट ठेवून पलीकडे बूच मारतायत."

काकू मान वळवून पडद्यावर ती फांदी शोधायला लागल्या.

पुढे नळी नेणं सोपं नव्हतं. वाट नागमोडी, दोनदा तार मागे सरकली. बूच म्हणजे बारीक तारांचं विणलेलं असतं, मिटून नळीत बसतं आणि बाहेर सोडलं की उमलतं. पहिलं लहान पडलं. हे बूच तारेला स्क्रूसारख्या आट्यांनी बसवलेलं असतं, आटे सोडवायच्या आधी हलकेच ओढून बघतात, बसलंय का सैल आहे. सैल असेल तर परत नळीत ओढून घेता येतं. आटे सोडवून झाल्यावर निसटलं तर ते थेट फुप्फुसात जाऊन बसायचं. डॉक्टरांनी पहिलं परत घेतलं, मोठं लावलं, ओढून बघितलं. हललं नाही. फांदीत औषध जातंय, कप्प्यात जात नाही, ईसीजी ठीक. मग आटे सोडवले. स्टेथोस्कोप लावून डॉक्टरांनी मला दिला. नुसते ठोके. मागचं घूंऽऽ बंद.

दोन दिवसांनी काकू घरी गेल्या. मुलगा आला होता, पण रिक्षात आधार देऊन बसवलं ते नलूताईंनीच. मी मनात म्हटलं, चला, आणखी एक अर्धी गोष्ट.

पण पुढच्या तपासणीला काकू आल्या त्या थेट माझ्याकडे. चालत, जिना चढून, धाप न लागता. मी पहिला प्रश्न तोच विचारला. "गडगा?"

"घातला."

माझं तोंड उतरलेलं बघून काकू हसल्या. "थांब गो, ऐक तरी. डॉक्टरांनी केलंनी तसं केलं. एकदम नाही घातला. आधी फुगा लावून बघितला."

"कसला फुगा?"

"नारळाच्या झावळीचं झाप फाटकात आडवं टाकलं आणि पडवीत बसले. म्हटलं, बघू कोण बोंबलतं. पर्यटक आले, झाप बघून परत गेले. मी खूश. आता नलू येईल तणतणत, म्हणून कान लावून बसले. नलूचा आवाज नाही. दुपार झाली. उन्हं उतरायला लागली. आणि कोणाचं पोट बोंबलायला लागलं असेल?"

"कोणाचं?"

"माझं! ह्यांच्या मागे इतकी वर्षं माझ्या दुपारच्या कालवणाची वाटी त्याच वाटेने येत्ये. कधी मागितली नाही, कधी चुकली नाही, म्हणून ध्यानातच नव्हतं." काकूंनी पदर सारखा केला. "झाप काढलं नि मागे गेले. तर ती बया वाटी झाकून दारात बसलीय. म्हटलं, आणली का नाहीस? तर म्हणाली, तुमची हद्द, तुम्ही अडवलीत, मोडून आले असते तर दुसरी केस ठोकली असतीत."

"मग?"

"मग काय, चिरे उचलले नि तिच्या घराच्या पलीकडे नेले, सुरूच्या बनाच्या तोंडाशी. गडगा तिथे घातला. आता वाट तिच्या दाराशी संपते, समुद्रावर जातच नाही. पर्यटक फिरकत नाहीत. तिची वाट तिला, माझी वाटी मला. सरबताचं टेबल मात्र उचलून माझ्या फाटकाशी रस्त्यावर मांडलंन. ते असू दे."

मी डॉक्टरांना बोलावून हे सगळं पुन्हा सांगायला लावलं. डॉक्टरांनी सीटीचं चित्र पडद्यावर लावलं, काकूंनी त्यावर बोट ठेवून फाटक कुठे, नलूचं घर कुठे, गडगा कुठे ते दाखवलं. डॉक्टर हसून हसून खुर्चीत बसले.

काकू निघाल्या. बाहेर नलूताई रिक्षा थांबवून उभ्या होत्या, हातात कापडी पिशवी. मला एकदम भरून आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला एक गोष्ट शेवटपर्यंत कळली होती. ती आणखी नीटनेटकी व्हावी असा मोह झाला, म्हणून मी म्हटलं, "काकू, सगळं मिटलंच आहे, तर तडजोड करून ते अपीलही बंद करून टाका की."

काकू गर्रकन वळल्या. "खुळी की काय तू? रोज ती वाटी ठेवते नि कामाला पळते. तारखेला दोघी एका रिक्षाने रत्नागिरीला येतो. कोर्टात पुढची तारीख घेतो, मासळी बाजारात जातो, मग आइस्क्रीम खातो आणि संध्याकाळच्या एसटीने परत. तेवढाच एक दिवस धड बोलतो आम्ही." मग रिक्षाकडे बघून आवाज खाली आणला. "ती केस नको हं बंद करायला. त्या वाटेवर कोणीतरी राहतं."